काळी माती, तीन इंची टायर आणि दोन बोटांची फट

गेल्या सप्टेंबरात हिप्परगा तलावाच्या मागं एका पाणंदीत माझं चाक जागच्या जागी थांबलं. हळू नाही झालं, थेट थांबलं, म्हणजे कुणी पकडून धरावं तसं, आणि युनिसायकलवर, म्हणजे एकचाकी सायकलवर, चाक थांबलं की आपण थांबत नाही, आपण पुढं जातो. दोन्ही तळवे सोलले, उजवा गुडघा बडवला. हेल्मेट होतं, मनगटाला गार्ड होते, म्हणून एवढ्यावर भागलं. उठून बघतो तर टायर आणि फ्रेमच्या चिमट्याचा वरचा भाग, म्हणजे माथा, यांच्या मधे काळी माती ठासून भरलेली, त्यात हरळीचं गवत, आणि ते सगळं मिळून असं घट्ट बसलेलं की बोटानं निघेना. बाभळीची एक काटकी मोडून वीस मिनिटं उकरत बसलो. उकरता उकरता लक्षात आलं की तिथं करंगळीचं टोकसुद्धा जात नाहीये, मग माती कुठनं जाणार.

हे लिहितोय ते त्या फटीबद्दल. मला बरेच जण विचारतात की ऑफरोडला कुठला टायर घेऊ, किती रुंद घेऊ, आणि मी पण दोन वर्षं हाच प्रश्न विचारत होतो. प्रश्न चुकीचा नाही पण अर्धा आहे. टायर ज्या फ्रेममधे बसणार तिच्यात जागा किती, हे आधी बघावं लागतं. आणि आपल्या सोलापूरच्या जमिनीत तर ते फारच बघावं लागतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकचाकी सायकलला चेन नसते, फ्रीव्हील नसतं, पायडल थेट एक्सलला, म्हणजे चाकाच्या आसाला, जोडलेलं असतं. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. फ्रेम म्हणजे खरं तर एक उलटा चिमटाच, वर सीटचा पाईप आणि खाली एक्सलची बेअरिंग धरणारे दोन कप. दोन चाकीवर मडगार्डमधे चिखल अडकला तर घासतं, जड जातं, आपण उतरून काढतो. इथं घासायला लागलं की तोल तेवढ्या क्षणात जातो, कारण तोल म्हणजे पायांनी चाक मागंपुढं करत राहणं हेच असतं.

डोंगरात एकचाकी चालवणं हे काही आज सुरू झालं नाही. अलास्कातल्या सिवर्ड गावचे जॉर्ज पेक १९८० च्या दशकात दगडधोंड्यात ही सायकल चालवत होते, नंतर कॅनडाच्या क्रिस होमनं ती जगभर नेली आणि स्वतःच्या नावाच्या फ्रेम काढल्या. सुरवातीला खास या सायकलसाठी म्हणून रुंद टायर कुणी बनवतच नव्हतं. डाउनहिल सायकलींसाठी फिनलंडच्या नोकियननं काढलेला गझालोडी नावाचा तीन इंची टायर होता, तो एकचाकीवाल्यांनी उचलला. मग ड्युरोचा २४ × ३ चा, म्हणजे २४ इंची चाकाचा आणि तीन इंच रुंद, वाइल्डलाइफ लेपर्ड आला, तो कित्येक वर्षं कित्येकांच्या चाकावर होता. हे सांगायचं कारण एवढंच की २४ × ३ हे माप कुणी टेबलावर बसून ठरवलेलं नाही, लोकांनी पडून धडपडून ठरवलंय. एकाच चाकावर सगळं वजन, सस्पेन्शन नाही, मग टायरच सस्पेन्शन. हवा जास्त मावली पाहिजे आणि तरी पायडल फिरवता आलं पाहिजे.

आता माझं काय झालं ते सांगतो. माझी पहिली ऑफरोड म्हणून घेतलेली सायकल २४ ची, तिच्यावर २.४ चा टायर होता. जुळे सोलापुरातनं सोरेगावच्या पुढं निघालं की मुरमाचे रस्ते लागतात, तिथं तो बरा चालायचा. पण एप्रिल मे मधे काळ्या रानातनं जायची वेळ आली की वाट लागायची. ज्यांनी आपली काळी जमीन उन्हाळ्यात बघितलीय त्यांना माहितीये, दोन दोन बोटं रुंद भेगा पडतात, सरळ रेषेत नाही तर जाळं पडतं नुसतं. अरुंद टायर आडवा त्या भेगेवरनं जातो पण भेग आणि चाक एका रेषेत आलं की टायर आत उतरतो आणि मग फिरवताच येत नाही. तीन इंची टायर भेगेच्या दोन्ही काठांवर बसतो. हा फरक पहिल्याच दिवशी पायाला कळतो.

म्हणून मी ३.० चा टायर मागवला. रिम जुनीच, बाहेरनं ३० मिमीची. टायर चढला, फिरला, खूष झालो. पण जराशा उतारावर आडवं चालवलं की टायर कडेला लोळायचा, हवा कमी केली की जास्तच लोळायचा, वाटायचं चाक पायाखालनं निसटतंय. रुंद टायर अरुंद रिमवर म्हणजे फुगा चमच्यावर ठेवल्यासारखं. मग रिम बदलली, ४२ मिमीची, नव्या तारा घालून बाळीवेशीतल्या एका मामांकडनं चाक बांधून घेतलं. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा असली हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, बघितली, तरी रिमचा आउट, म्हणजे डगमग, असा काढला की ती अजून हललेली नाही.

आणि इथंच गंमत आहे, म्हणजे इथंच चूक झाली. टायरवर लिहिलेला ३.० हा आकडा म्हणजे टायरची खरी रुंदी नव्हे. रिम रुंद झाली की तोच टायर पसरतो. साधारण हिशोब असा की रिम ५ मिमीनं रुंद झाली की टायर २ मिमीनं रुंद होतो. माझा ३० च्या रिमवर व्हर्नियरनं मोजला तेव्हा ७० मिमी होता, ४२ च्या रिमवर ७५ झाला. फ्रेम आतनं ८४. म्हणजे एका बाजूला साडेचार मिमी. आणि वरती माथ्याखाली, २.४ च्या टायरला वीसेक मिमी फट होती, तीन इंची टायर त्यापेक्षा चौदा मिमी जास्त उंच, तर राहिली फक्त सहा. कोरड्यात सहा महिने काही झालं नाही म्हणून मी पण निवांत होतो. आपल्याकडं पाऊस खरा पडतो तो सप्टेंबरात, परतीचा, आणि मग ते हिप्परग्याचं झालं.

दुसऱ्या दिवशी ती फ्रेम घेऊन अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेलो. तिथं एक अण्णा आहेत, लेथवर पावरलूमचे पार्ट करून देतात, वडिलांपासून तेच काम. मी म्हणलं अण्णा, एवढं माथ्याजवळ फाकवून द्या की, दोन्हीकडनं पाच पाच मिमी. त्यांनी फ्रेम हातात घेतली, उलटी केली, खालच्या दोन कपांवर पट्टी आडवी ठेवली आणि डोळा बारीक करून बघितलं.

"फाकवायचं काय, दोन मिनिटाचं काम हाय ओ. पण वर फाकलं की खाली ह्ये कप तिरपे होणार. तिरप्या कपात बेअरिंग किती दिवस चालंल?"

मग म्हणाले, "आणि उंचीचं काय करणार? माती वर अडकली ना तुमची?"

खरं होतं. माझं सगळं लक्ष रुंदीवर होतं आणि मला पाडलं होतं उंचीनं. अण्णांनी पैसे घेतले नाहीत, चहा पाजला आणि काम करायला नकार दिला, त्या नकाराबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

तर आता फ्रेम मोजायची कशी ते नीट सांगतो, कारण ऑनलाइन विकणारे फक्त चाकाची साईज लिहितात, २४ ची फ्रेम, २६ ची फ्रेम, बस. मला ज्यानं ती पहिली विकली त्यानं तर छातीठोक सांगितलं होतं की तीन इंची आरामात बसतो. बसतो हे खरंच होतं. फिरतो का, मातीसकट फिरतो का, हे विचारायला पाहिजे होतं. पहिलं माप, एक्सलच्या मध्यापासून माथ्याच्या आतल्या बाजूपर्यंत. दुसरं, टायर जिथं सगळ्यात रुंद असतो त्या उंचीवर दोन नळ्यांच्या मधलं अंतर, खाली कपाजवळ नाही, वर. तिसरं, दोन बेअरिंगच्या मध्यांमधलं अंतर, हे बहुतेक सायकलींना १०० मिमी असतं. आता गणित बघा, बेअरिंग १०० वर आणि नळ्या २५ मिमी जाड असून बरोबर बेअरिंगच्या वर सरळ उभ्या असतील तर आत उरतात फक्त ७५. म्हणून चांगल्या ऑफरोड फ्रेममधे नळ्या वर बाहेर गेलेल्या असतात किंवा कप आतल्या बाजूला वेल्ड केलेले असतात. फोटोत नीट बघितलं की हे दिसतं. चौथं म्हणजे बेअरिंगचा बाहेरचा व्यास, ४० का ४२, त्याच्यावर पुढं येतोच.

आणि टायरचं माप वाचायचं ते इंचात वाचूच नका. टायरच्या कडेला बारीक अक्षरात दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ७५-५०७. पहिला रुंदी मिमीत, दुसरा रिमवर टायर जिथं बसतो तिथला व्यास. हा दुसरा आकडा जुळला तरच टायर बसणार. ऑफरोड २४ म्हणजे ५०७, २६ म्हणजे ५५९, २७.५ म्हणजे ५८४, आणि २९ म्हणजे ६२२. मी एकदा नव्या पेठेत "२६ चा टायर द्या" म्हणून घेऊन आलो, घरी येऊन बघतो तर ५९०, म्हणजे आपल्या साध्या सायकलीचा २६ × १ ३/८. तो पण २६ च, दुकानदाराची काही चूक नाही. ३१ मिमीचा फरक, कितीही ओढा, बसत नसतो.

याच आकड्यांचा दुसरा फायदा म्हणजे चाकाची खरी उंची काढता येते. ५०७ मधे टायरची उंची दोनदा मिळवा, २४ × ३ चं चाक साधारण ६५५ मिमी होतं, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे २ मीटर ६ सेंटिमीटर. मिनिटाला शंभर फेरे मारले तर ताशी बाराच्या वर. २६ × ४ चं फॅट चाक ७५५ च्या आसपास जातं, म्हणजे उंचीला ते २९ च्या चाकापेक्षाही जरा मोठंच. नाव २६ पण पायाला २९. गिअर नाही हे लक्षात ठेवा, चढावर हा फरक मांड्यांना कळतो.

फॅट टायरबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते म्हणून जरा जास्त लिहितो. कारण साधं आहे, २६ × ४ चा टायर आज सोलापुरात हाताशी मिळतो, पोरांच्यात त्या जाड टायरच्या सायकलींची एवढी हवा झाली की दुकानात टांगलेले असतात, आणि २४ × ३ मात्र बाहेरनं मागवावा लागतो, कधी महिना महिना लागतो. मला पण मोह झाला होता. पण ४ इंच म्हणजे शंभरेक मिमी, तो १०० च्या बेअरिंगवाल्या फ्रेममधे बसायचा प्रश्नच नाही, त्याला १२५ मिमीची हब आणि तशीच फ्रेम लागते, म्हणजे टायर स्वस्त पण बाकी सगळं नवीन. पुण्याचा एक मित्र गड्ड्याला आला होता तेव्हा आपली फॅट एकचाकी गाडीत टाकून घेऊन आला, यात्रा बघून झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं देगावच्या पुढं एका ओळखीच्या नांगरटीत गेलो. नांगरटीत ढेकळांवरनं ती सायकल जे चालते ते बघण्यासारखं आहे, ढेकूळ टायरखाली जातं आणि वर काही कळतच नाही. तिथं माझा ३.० उडत होता, पडत होता. पण परत मुरमाच्या वाटेवर आलो तसं मला ती नको वाटायला लागली. हब रुंद म्हणून पायडल बाहेर जातात, प्रत्येक पायडलला सायकल त्या बाजूला ढकलली जाते, सरळ रेषा धरायला कंबर सतत काम करत राहते. माथा पण रुंद, गुडघे आतनं घासतात. आणि कडेला उतार असलेल्या डांबरी रस्त्यावर कमी हवेचा फॅट टायर उताराकडं ओढतो, एवढा ओढतो की विजापूर रोडच्या कडेनं मी ती चालवणार नाही, ट्रकांच्या शेजारी तर नाहीच. माझं मत, ज्याच्याकडं रोज नांगरट नाहीतर वाळू आहे त्यानं फॅट घ्यावी. आपल्याकडं मुरूम जास्त आहे, आपल्याला तीन इंच पुरतात.

फ्रेम मात्र मोठी घ्या. मी शेवटी हेच केलं. २४ चं चाक तसंच ठेवलं आणि सेकंडहँड २६ ची ऑफरोड स्टीलची फ्रेम घेतली, आतनं ९२ मिमी. रिमच्या व्यासातल्या फरकामुळं चाक माथ्यापासून २६ मिमी जास्त लांब राहतं आणि सगळं मिळून आता माथ्याखाली ३५ मिमी फट आहे, दोन बोटं सहज जातात. दोन्ही बाजूला साडेआठ साडेआठ. यात तोटे आहेत, ते पण सांगतो. सीट सगळ्यात खाली घेतली तरी पहिल्यापेक्षा जरा उंच राहते, बुटक्या माणसाला त्रास होईल. आणि रिम ब्रेक असेल तर तो गेला, कारण ब्रेकच्या खुंट्या २६ च्या रिमसाठी असतात, २४ ची रिम त्याच्या इंचभर खाली येते. डिस्कची हब असेल तर प्रश्न नाही. माझ्याकडं ब्रेकच नाही, सोलापूरच्या माळावर पायानं रोखून भागतं. पण याच सायकलवर सिंहगड उतरायचा म्हणलं तर मी नाही म्हणेन.

आता ते बेअरिंग. माझ्या हबला ६२०३ नंबरचं बेअरिंग आहे, आतनं १७, बाहेरनं ४०, जाडी १२. कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, मोटरीत बसतं, त्यामुळं मी ही हब सोडायला तयार नाही. पण नव्या फ्रेमचे कप ४२ चे निघाले. चाक ठेवलं की खडखड हलायचं. परत अण्णा. या वेळी त्यांनी काम घेतलं. एक पाईपचा तुकडा लेथला लावला, आतनं ४०, बाहेरनं ४२, म्हणजे भिंत फक्त एक मिमीची, बारा मिमी रुंदीच्या दोन कड्या कापल्या आणि प्रत्येकीला एका जागी उभा चिरा दिला म्हणजे कप आवळला की कडी बेअरिंगला धरते. पहिली कडी जरा जाड झाली तर त्यांनी ती बेअरिंगवर बसवून नखानं कडेला टक टक करून बघितलं, मान हलवली, परत लेथला लावली. एवढ्या पातळ कडीला पकडून फिरवणं सोपं नाही, पाईप थरथरतो. दुसऱ्यांदा बसवली ती अशी बसली की अंगठ्यानं दाबून आत गेली आणि आपोआप बाहेर आली नाही.

कप आवळताना मात्र जपून. नट कचकचून आवळले की बेअरिंग दाबलं जातं, चाक जड फिरतं आणि छर्रे लवकर मरतात. मी आधी हातानं, मग पान्यानं अर्धा पाऊण फेरा, मग चाक फिरवून बघतो, दोन्हीकडं सारखंच आवळतो. सायकल उलटी करून चाकाला एक टपली मारली की ते बराच वेळ फिरत राहिलं पाहिजे.

हवेचं म्हणाल तर दोन चाकीवाल्यांचे आकडे आपल्याला चालत नाहीत, त्यांचं वजन दोन चाकांवर वाटलं जातं. माझं वजन ६८ किलो, मुरमावर १८ ते २० पीएसआय, घरापासून माळापर्यंत डांबरी आहे तिथं २५, तिथं पोचलो की सोडतो. मोजायला छोटा डिजिटल गेज घ्या, पेट्रोल पंपावर एवढ्या कमी हवेचा नेमका आकडा मिळत नाही.

काट्यांवर रुंद टायरचा काही उपाय नाही, उलट जास्त जागा म्हणजे जास्त काटे. सराटे आणि वेडी बाभूळ या दोघांनी माझ्या जितक्या ट्यूबा खाल्ल्या त्याला हिशोब नाही. ट्यूबमधे सीलंट घालतो, सराट्याची भोकं तेवढ्यानं बुजतात, बाभळीच्या काट्याला कधी कधी पॅच लागतोच. आपल्या उन्हाळ्यात ते सीलंट आत लवकर सुकतं, दोन महिन्यांनी परत घालावं लागतं. टायरची बटणं एकमेकांपासून लांब लांब असलेली घ्या, दाट बटणांमधे माती बसली की टायर गुळगुळीत होतो.

आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला सायकल घेऊन जाऊ नका, गवताळ माळ मोकळा दिसतो म्हणून मोह होतो, पण त्या पक्ष्याला आधीच जागा उरलेली नाही. आपल्याला बाकीचा अख्खा जिल्हा आहे.

ओल्या काळ्या मातीत मात्र अजूनही जात नाही, ३५ मिमी फट असली तरी. ती माती टायरला लागते, त्याला परत माती लागते, चाक चार किलोचं आठ किलोचं होतं आणि वाट पण खराब होते, शेतकऱ्याची बैलगाडी त्याच खड्ड्यातनं जाते. पाऊस उघडला की मुरूम एका दिवसात वाळतो, काळीला चार पाच दिवस द्यावे लागतात. मधे जो काळी माती आणि मुरूम मिसळलेला पट्टा असतो, तिथं या जूनमधे पहिल्या पावसानंतर तिसऱ्या दिवशी गेलो. माती लागली, वर आली, माथ्याखालनं निघून मागं पडत राहिली, माझ्या पाठीवर पण पडली. पाच किलोमीटर. सीटपोस्टला दोरीनं बांधून नेलेली बाभळीची काटकी परत येताना तशीच होती.